उष्टा हात

“थांबा ताई, पाय नका टाकू. हितं खाली पोकळ हाय.”

कौसाबाई तौर खड्ड्यात उकिडवी बसून खुरपीच्या मुठीनं जमिनीवर टकटक करत होती. मी शेजारी उभी. हातात वही, डोक्यावर टोपी आणि टोपीखाली अर्धीमुर्धी पीएचडी. मला तिथला आवाज आणि चार हातांवरचा आवाज सारखाच वाटला, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

“तुमाला न्हाई कळायचं,” ती म्हणाली. “म्या रोज घागर वाजवून बघते, पानी किती उरलंय ते. ह्ये भांडं हाय.”

दोन तासांनी मातीतून एका रांजणाचा काठ वर आला. तोंडावर मातीचं झाकण, आणि झाकणाची फट कुणीतरी बोटांनी लिंपून बंद केलेली. आठल्ये सर खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले.

“कौसाबाई,” ते म्हणाले, “तुमच्या हाताला गुण आहे.”

ही गोष्ट बोरटेंभीची. गोदावरीकाठचं गाव, आणि गावाबाहेर राखेसारख्या मातीचं एक टेकाड. लोक त्याला पांढरी म्हणत. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं वस्ती होती. डॉ. आठल्ये तिथं उत्खनन करत होते आणि मी, सुनीती रणदिवे, त्यांची विद्यार्थिनी. माझं काम एकच: जुने दाणे शोधायचे, त्यांतून डीएनए काढता येतो का पाहायचं, आणि ज्वारी आपल्या मातीत कधी आली यावर चार ओळी छातीठोकपणे लिहायच्या. सगळा देश यावर भांडत होता म्हणे. निदान आमच्या क्षेत्रातली पंधरा माणसं तरी भांडत होती.

सरांनी कौसाबाईच्या हाताचं कौतुक केलं ते गावाला नवीन नव्हतं. पेरणीच्या दिवशी अर्ध्या गावातली पाभरीवर बी सोडायची चाडी तिच्यासाठी खोळंबायची. चाड्यावर पहिली मूठ तिनं धरली की पीक फसत नाही, असा लोकांचा विश्वास. सरांनीही तिला शब्द दिला होता की हंगाम संपला की पांढरीच्या देखरेखीची कायमची जागा तुमची. तिनं घरी जाऊन हे एकदाच सांगितलं, पण गाव महिनाभर तेच बोलत होतं.

रांजण सापडला त्या संध्याकाळी मी सगळ्या बायांना ओळीनं उभं करून भाषण दिलं. सव्वीस वर्षांची होते, शहाण्यांची शहाणी.

“रांजण उद्या त्या तंबूत उघडायचा. तंबूपासून वीस पावलांच्या आत कुणी भाकरी सोडायची नाही. पदराला पीठ नको, कनवटीला फुटाणे नकोत. जुना डीएनए म्हणजे उंदरानं कुरतडलेली पोथी. तुकडे तुकडे उरलेले असतात. त्यात आजच्या ज्वारीचा एक कण पडला तर यंत्र आजचंच वाचतं, जुनं दिसतच नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर दाणे उष्टे होतात.”

“आन् पोटात गेलेल्या भाकरीचं काय करायचं?” कौसाबाईनं विचारलं. “ती भाईर काडून ठिवायची का?”

बाया पदरात तोंड लपवून हसल्या. मीही हसायला हवं होतं. मी म्हणाले, “थट्टा नकोय.”

पण उष्टं म्हणजे काय हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती कोपरापर्यंत हात धुऊन कामाला येऊ लागली. बाकीच्यांनाही पदर झटकायला लावायची. एकीच्या केसांत कडब्याचं चिपाड अडकलं होतं तर तिला परत घरी पाठवली.

रांजण उघडला. आत तळाशी ओंजळभर दाणे होते, काळे, सुरकुतलेले. मी वरून बघितलं आणि वहीत वेळ लिहिली. तंबूच्या दोरीपलीकडे कौसाबाई उभी होती.

“ताई, एक इचारू?”

“काय?”

“भरल्या भांड्यातनं काडलं तर मूठभर परत टाकावं लागतंय. आमी कनगी कदी साफ रिकामी करत न्हाई. कुन्या बाईनं लिपून ठिवलंय ह्ये, तिच्या लेकरांसाटी. घरची चार दानं टाकू का?”

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?” मी सगळ्यांदेखत ओरडले. “काल घसा फोडून काय सांगितलं मी?”

“बरं,” ती म्हणाली. “न्हाई टाकत.”

एवढंच. त्यावर ती रुसली नाही की कुरकुरली नाही.

दुसऱ्या दिवशी सर तालुक्याला बर्फाची पेटी आणायला गेले. दाणे थंड ठेवून लगेच लॅबला पाठवायचे होते. मी एकटी तंबूत बसले. तोंडावर मास्क, हातात मोजे, समोर बारा छोट्या कुप्या. चिमट्यानं एकेक दाणा उचलायचा, कुपीत टाकायचा, नंबर घालायचा, वेळ लिहायची. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. चार कुप्या झाल्या तेव्हा दोन वाजले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

“ताई, भाईर या. खाऊन घ्या.”

कौसाबाई बरोबर वीस पावलांवर उभी होती. हातात फडक्याचं गाठोडं. वाऱ्यावर त्याचा वास आला, भाजल्या कणसांचा. जानेवारी महिना, त्यातून मी पुण्याची. तो वास काय करतो हे ज्यानं खाल्लंय त्यालाच कळेल.

“मधेच उठून येता येत नाही,” मी म्हणाले. “इकडेच आणा.”

“ईस पावलं म्हनला व्हतात.”

“नियम मी केलाय ना? मग मी बघते काय ते. आणा.”

ती थबकली. मग आली, दाराशी वाकून गाठोडं आत सरकवलं आणि लगेच मागं झाली.

“गुळभेंडीचा हाय,” ती बाहेरून म्हणाली. “बांदाला चार वळी टाकते दर साली, फकस्त हुरड्यापुरत्या. लेक येती ना बाळंतपनाची, सनासुदीची. औंदा तिला सासूनं धाडली न्हाई. म्हनलं तुमी तरी खा.”

मी उजव्या हाताचा मोजा काढून टेबलावर ठेवला. हुरडा अजून गरम होता. तळहातावर चोळला, फुंकर मारली, कोंडा उडाला. शेंगदाण्याची चटणी होती, वर गुळाचा खडा. आयुष्यात तसा हुरडा मी पुन्हा खाल्ला नाही. म्हणजे खायचं धाडसच झालं नाही. सगळं संपवलं, हात पँटीला पुसला, तोच मोजा पुन्हा चढवला आणि पाचव्या कुपीला हात घातला. वहीत वेळ लिहिली: दोन पस्तीस. इतकी मी शिस्तीची.

फडकं झटकून तिला परत दिलं. “छान होता,” म्हणाले. तिचा चेहरा उजळला.

मार्चच्या मध्यावर, आमचा मुक्काम हलायला आठवडा राहिला असताना, लॅबचा निकाल आला. घाईत पाठवलेला, एका पानाचा. कुपीवार तपशील मागाहून येणार होता. सरांनी पान वाचलं, माझ्यापुढं सरकवलं आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. दाण्यांत ज्वारीचा डीएनए सापडला होता. अख्खा, ताजा, आजकालचा. जुन्याचा मागमूस नाही.

“तीन वर्षांची मेहनत,” सर म्हणाले. “कुणी खाल्लं तिथं? कुणी आणलं काही?”

खरं सांगते, त्या क्षणी मला हुरडा आठवला नाही. आठवलं ते दुसरंच, आणि मी ते बोलून मोकळी झाले.

“सर, कौसाबाई रांजणात घरचे दाणे टाकू का म्हणत होत्या.”

या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. इतकं खरं वाक्य मी त्याआधी आणि त्यानंतर क्वचितच बोलले असेन.

सरांनी तिला बोलावलं. मागोमाग सगळ्या बाया आल्या आणि तंबूबाहेर उभ्या राहिल्या.

“कौसाबाई, तुम्ही रांजणात ज्वारी टाकलीत?”

“न्हाई सायेब. इचारलं व्हतं. ताई न्हाई म्हनल्या. न्हाई टाकली.”

“मग ज्वारी आली कुठून? आभाळातून पडली? तंबूत कुणी काही खायला आणलं होतं का? आठवून सांगा.”

तिनं तोंड उघडलं. आणि मग ती माझ्याकडे बघायला लागली. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. उजव्या.

तेव्हा मला आठवलं. कोंड्यावर मारलेली फुंकर, पँटीला पुसलेला हात, दोन पस्तीस, सगळं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती सरकली नाही. ती होती तिथंच होती. मीच वहीत डोकं घातलं आणि उगाच पानं उलटायला लागले.

कौसाबाई थांबून राहिली. किती वेळ कोण जाणे. मला तेवढा वेळ दिला होता तिनं. मी मूग गिळून बसले.

“मला काय म्हाईत न्हाई, सायेब,” ती शेवटी म्हणाली.

सर सज्जन माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच वाईट झालं. “खरं बोलला असता तर मी समजून घेतलं असतं,” ते म्हणाले. “तुमचा रिवाज आहे, श्रद्धा आहे, मला कळतं. पण खोटं नको होतं. उद्यापासून येऊ नका.”

तिनं खुरपी पदराला पुसली, हत्यारांच्या पेटीत तिच्या जागेवर ठेवली आणि पांढरी उतरून निघून गेली. बायांत कुजबुज सुरू झाली. “जुन्या मान्सांच्या रांजनात हात घातला हिनं,” कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं. ऐकून रिकाम्या कुप्यांची पेटी आवरायला लागले.

संध्याकाळी तिच्या घरी जाईन, असं मी स्वतःला सांगितलं. मग उद्या जाईन असं सांगितलं. मग आमचा ट्रक भरला.

जुलैत तपशील आला, पुण्याला, माझ्या नावानं. नऊ पानं. मी ते वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून वाचलं. एक ते चार या कुप्यांत काहीच नव्हतं, ना जुनं ना नवं. पाच ते बारा या आठ कुप्यांत ताजी ज्वारी. म्हणजे रांजणात कुणी काही टाकलं नव्हतं. टाकलं असतं तर बाराच्या बारा कुप्यांत निघालं असतं. चौथ्या आणि पाचव्या कुपीच्या मधे काहीतरी घडलं होतं. आणि शेवटच्या पानावर लॅबवाल्यांनी, काम चोख करायची हौस म्हणून, वाणही जुळवून दिला होता. भाकरीची ज्वारी नव्हे. हुरड्याचा गोड वाण, बहुधा गुळभेंडी.

कौसाबाईच्या कणगीत गुळभेंडी नव्हती. ती बांधाला होती, चार ओळी, लेकीसाठी. ज्या डीएनएच्या मागे मी तीन वर्षं धावले तो अखेर बोलला, आणि त्यानं नाव घेतलं ते माझं.

सर भेटले तेव्हा विचारलं त्यांनी, “तपशील आला का?”

“आला. नवीन काही नाही.”

“मला वाटलंच,” ते म्हणाले आणि विषय तिथेच संपला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि दोर मीच ओढला. ती नऊ पानं मी फायलीत सगळ्यांत खाली ठेवली. प्रबंध दुसऱ्या दाण्यांवर, सूक्ष्मदर्शकाखाली बघून पुरा केला. डॉक्टर झाले, नोकरी लागली.

आणि पुढे तर मी कमालच केली. दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला मी हीच गोष्ट सांगायचे. नमुने कसे बिघडतात याचं उदाहरण म्हणून. “एका कामकरी बाईनं भोळेपणानं रांजणात घरची मूठभर ज्वारी टाकली,” असं म्हणायचे आणि हात उडवायचे. मुलं हसायची. दहा वर्षं हसली. हे लिहिताना माझे कान तापतात. हुरडा खाल्ला ती भूक होती, गप्प बसले ती भीती होती असं म्हणता येईल. पण हे काय होतं? याला मला नाव सापडत नाही.

अकराव्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिनं हात वर केला.

“मॅडम, दाणे रांजणात टाकले असतील तर सगळ्याच नमुन्यांत यायला हवेत ना? सगळ्यांत आले होते का?”

मी घड्याळाकडे बघितलं. “पुढच्या तासाला बोलू,” म्हणाले. तो पुढचा तास मी घेतला नाही. सर दोन वर्षांपूर्वीच गेले होते, त्यामुळे त्यांच्यापुढे उभं राहायची पाळी टळली होती. फायलीतली नऊ पानं काढली, पर्समध्ये घातली आणि बोरटेंभीला जाणारी एसटी पकडली.

कौसाबाई ओट्यावर सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. वाळली होती, पण हात तसाच चालत होता.

“ताई का?” तिनं डोळे बारीक केले. “क्येस पिकले की तुमचे. बसा.”

मी बसले. तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी पानं बाहेर काढली आणि सगळं सांगितलं. कुप्या, नंबर, दोन पस्तीस, गुळभेंडी. सांगताना मी सारखी पानांकडेच बघत होते, प्रबंध वाचून दाखवावा तसं. ती पाखडत राहिली.

“मला म्हाईत व्हतं,” ती म्हणाली.

“मग तेव्हा बोलला का नाहीत? सरांनी विचारलं होतं तुम्हाला.”

सूप थांबलं.

“खाऊ घातलेलं काडू न्हाई मानसानं. लेकीच्या वाट्याचं दिलं व्हतं तुमाला. त्ये चारचौघांत काडून दाखवू? म्हनू, हिनं माजं खाल्लं?” ती मान हलवत राहिली. “आमच्यात तसलं करत न्हाईत. घालनारानं गप ऱ्हायाचं. खानारानं सांगायचं असतंय. म्या वाट बघितली की तुजी.”

ती ‘तू’ म्हणाली, आणि मला ते बरोबर वाटलं.

“माझं चुकलं, कौसाबाई.”

“जागंचं काय न्हाई. ती गेली, दुसऱ्याला मिळाली, त्येचीबी लेकरं हायेत. पर त्या सालापासनं चाड्यावर मूठ धराया मला कुनी बोलावलं न्हाई. माज्या थोरल्या दिरानं सुदिक न्हाई. ह्यो हात,” तिनं उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला, “ह्यो हात खोटा ठरला.”

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग मी ती नऊ पानं तिच्यापुढं धरली, की हा पुरावा तुमच्यापाशी ठेवा, यात सगळं लिहिलंय, कुणालाही दाखवता येईल.

“मला वाचाया येतंय व्हय?” ती म्हणाली. “आन् म्या का दाखवू? म्या खाल्लाय का हुरडा?”

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि गल्लीकडे तोंड करून हाक मारली.

“सोजरे, ए सोजरे. भाईर ये जरा. शेवंतीला घिऊन ये. मोठ्या जावंलाबी हाक मार. ह्या पुन्याच्या ताईला कायतरी सांगायचंय.”

एकेक बाई ओट्यापाशी येऊन उभी राहिली. सहा-सात असतील. त्यातल्या तिघी तेव्हा पांढरीवर माझ्या हाताखाली होत्या. त्याच ओळीत उभ्या राहून त्यांनी माझं भाषण ऐकलं होतं. सुनेनं चहा आणून ठेवला, त्याला मी हात लावला नाही. मी दोनशे मुलांपुढे माईक न घेता बोलते. त्या दिवशी पहिलं वाक्य मनात तीनदा जुळवलं.

“रांजणात कौसाबाईंनी काही टाकलं नव्हतं,” मी म्हणाले. “त्या दिवशी तंबूत मी हुरडा खाल्ला होता. त्याच उष्ट्या हातानं जुन्या दाण्यांना हात लावला. आणि सरांनी विचारलं तेव्हा गप्प बसले.”

कौसाबाईनं पुन्हा सूप उचललं होतं. मग सोजरबाईनं, त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं, कानामागं हात धरला.

“काय म्हनती? जरा मोट्यानं सांग, बाई. मला कमी ऐकू येतंय.”

मी उभी राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.